स्पार्टाच्या आठ वह्या

स्पार्टावरची कादंबरी ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. कागदावर उतरवली मी. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ह्यांचं इंजिनिअरिंगपर्यंत, आणि त्याशिवाय वाचनाचं वेड. कॅनडात रेजिनाला रस्ते खात्यात तीस वर्षं नोकरी केली. दिवसभर रस्त्यांचे नकाशे बघायचे आणि घरी आल्यावर जुन्या ग्रीक लोकांवरची जाड इंग्रजी पुस्तकं काढून बसायचे. मी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला होते. संध्याकाळी दोघंही दमलेले असायचो. ते वाचायचे, मी पाय वर करून बसायचे. बोलणं बेताचंच.

स्पार्टा म्हणजे काय ते मला सत्तरी आल्यावर कळलं. अडीच हजार वर्षांपूर्वीचं ग्रीसमधलं एक राज्य. तिथल्या पुरुषांना लढाईशिवाय दुसरं काम करायची परवानगी नव्हती. मूल जन्मलं की गावातली म्हातारी माणसं येऊन ते उलटंपालटं करून बघायची. अशक्त निघालं तर डोंगराच्या दरीत टाकायची. मुलगा सात वर्षांचा झाला की आईकडून काढून घ्यायचे आणि बाकीच्या मुलांच्या कळपात बराकीत ठेवायचे. अनवाणी चालवायचे, पोटाला कमी द्यायचे, चोरी करताना सापडला तर चोरीबद्दल नाही, सापडल्याबद्दल मारायचे. ते सगळं हे मोठ्या कौतुकाने सांगायचे.

"शिस्त होती त्यांच्यात," हे म्हणायचे.

"भूक होती," मी म्हणायचे.

रिटायर झाल्यावर ह्यांनी ती कादंबरी हाती घेतली. दहा वर्षांत तीन प्रकरणं झाली. एकेक वाक्य चार चार वेळा लिहायचे. मग दोन हजार सोळा साली डोळे गेले. गेले म्हणजे पूर्ण आंधळे झाले असं नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला. घरात हिंडता येत होतं, दार दिसत होतं, मी दिसत होते, पण माझं तोंड दिसत नव्हतं आणि अक्षर तर नाहीच. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला मी घेऊन जायची. डॉक्टर म्हणाला, डावा गेला, उजवा जेवढा आहे तेवढा टिकवायचा प्रयत्न करू.

त्याच वर्षी पुण्याच्या एका प्रकाशकाने पहिली तीन प्रकरणं वाचून पत्र पाठवलं होतं. विषय वेगळा आहे, पूर्ण करून पाठवा, छापण्याचा विचार करू. ह्यांना दुसरं काही नको होतं. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, आयुष्यभर ठरवलेलं एकच काम, आणि ते हातात आलं तेव्हा डोळे नाहीत. इंजेक्शन घेऊन आलो की पट्टी लावलेल्या डोळ्याने टेबलाशी बसून राहायचे. जेवायचे नाहीत. मुलगा लांब सरे शहरात असतो, तो फोनवर म्हणाला, "बाबा, फोनला डिक्टेट करा, तो टाइप करतो." त्या फोनने ह्यांच्या पहिल्या वाक्याचं जे केलं ते वाचून दाखवताना मलाच हसू आलं. ह्यांना नाही आलं.

मी म्हटलं, "मी लिहिते."

"तू?"

"का? पत्रं कोण लिहायचं तुमच्या आईला? मीच ना?"

"पत्र वेगळं. ही कादंबरी आहे."

"अक्षरं तीच असतील की."

डॉलर स्टोअरमधून रुंद रेघांच्या वह्या आणल्या. दुपारची जेवणं झाली की भांडी घासून दोन वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं, चार वाजता चहाला उठायचं. ते खिडकीकडे तोंड करून सांगायचे. मी लिहायची.

माझी लिहायची पद्धत सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आमच्या शाळेत गुरुजींनी असं शिकवलं होतं की आधी ओळीतली सगळी अक्षरं काढायची, आणि ओळ संपली की मग डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढायची. शब्दाशब्दाला रेघ मारली तर हातावर पट्टी बसायची. मी अजून तसंच लिहिते. दिसायला चांगलं दिसतं, पण वेळ लागतो. मी रेघ ओढत असायचे तोवर ह्यांची पुढची दोन वाक्यं सांगून झालेली असायची. ती मी आठवून लिहायची. आणि रेघ ओढताना हाताला काही विचार लागत नाही, त्यामुळे डोकं मोकळं असतं. ह्यांनी आत्ता काय सांगितलं, तसं असेल का, हे डोक्यात यायचं.

पहिल्यांदा मी फक्त विशेषणं गाळली. ह्यांच्या कादंबरीत सूर्य कधी साधा उगवत नव्हता. तो रक्तवर्ण, तेजोमय, पराक्रमी असा उगवायचा. मला तीन शब्द आठवायचे नाहीत, मी एक लिहायची. कधी एकही नाही. सूर्य उगवला, बास.

मग रक्ताचं आलं. स्पार्टाचे पुरुष घरी जेवायचे नाहीत. पंधरा पंधरा जणांची खानावळ असायची आणि तिथे डुकराच्या रक्ताची काळी आमटी असायची. ह्यांनी सांगितलं की उकळत्या आमटीत रक्ताची धार सोडली आणि ती काळीभोर झाली.

"रक्त असं सोडतात का?" मी विचारलं.

"पुस्तकात तेवढंच दिलंय. डुकराचं मांस, रक्त, मीठ, व्हिनेगर."

"अहो, रक्त निघाल्या निघाल्या हलवलं नाही तर त्याची वडी होते. आमच्याकडे बकरं कापलं की रक्ती करायचे, ती वडी कापूनच. आमटी पातळ पाहिजे असेल तर आधीच त्यात मीठ आणि व्हिनेगर घालून हलवत राहायला पाहिजे."

"अगं, ते युद्धाला निघालेत! आणि तू पाककृती सांगतेस?"

"युद्धाला निघालेल्यांना गुठळ्या घालणार का?"

"लिही सांगितलंय तसं."

मी सांगितलंय तसं लिहिलं नाही. मीठ आणि व्हिनेगर आधी घातलं. वीस वर्षं मी शंभर माणसांचं रांधलं होतं. चुकीची आमटी मला लिहवेना.

त्या दिवशी काही झालं नाही. ह्यांनी वाचून दाखव म्हटलं की शेवटचं वाक्य वाचायची मी, म्हणजे धागा सापडायचा. ते वाक्य आधीच आमच्या दोघांच्या कानात असायचं. मागचं त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांचा माझ्यावर भरवसा होता. हे मी आत्ता लिहिते आहे. तेव्हा मला तसं वाटलं नाही. तेव्हा मला वाटलं, आपण मदत करतो आहोत.

मग मी एक बाई घातली.

झालं असं की ह्यांच्या स्पार्टात पुरुष कवायत करत होते, बायकाही पळत होत्या, कुस्ती खेळत होत्या. मुलंसुद्धा बराकीत. मी विचारलं, "मग दळतं कोण?"

"हेलॉट."

"ते कोण?"

"गुलाम. आसपासच्या गावातले जिंकलेले लोक. शेती, स्वयंपाक, सगळं तेच करायचे. एका स्पार्टनमागे सात हेलॉट होते असं म्हणतात."

"आणि त्यांचं काय लिहिणार?"

"त्यांच्यावर नाही ही कादंबरी."

"सात जण राबतात आणि एकाची कादंबरी?"

"तू कॅनडात राहून युनियनवाली झालीस," ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. वृद्धाश्रमात मी युनियनचं काम केलं होतं.

दुसऱ्या दिवशी नायकाचे वडील घरी येऊन तलवार भिंतीला टांगतात असं आलं. रेघ ओढता ओढता मी पुढे लिहिलं, आत एक बाई दळत होती. एवढंच. मग आठ दिवसांनी गावात सभा भरली, तर सभेच्या शेवटी मी लिहिलं, तिकडे ती बाई दळतच होती. मला त्यात काही गैर दिसलं नाही. कोणीतरी दळत असणारच की.

अशा सहा वह्या भरल्या. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, दुसरा हिवाळा लागला. त्यातल्या पाचव्या वहीत नायक सात वर्षांचा झाला.

इथे आमच्या घरातलं सांगायला पाहिजे. आमचा मुलगा सात वर्षांचा असताना आम्ही त्याला गावी ठेवून इकडे आलो. हे दोन वर्षं आधी येऊन नोकरीला लागले होते आणि मला न्यायला आले होते. म्हणाले, आधी घर लागू दे, एका वर्षात त्याला आणू. एकाची तीन वर्षं झाली. तो सासूबाईंजवळ राहिला. आला तेव्हा दहा वर्षांचा होता आणि माझ्याशी अहोजाहो करून बोलला. पुढे सगळं ठीक झालं. पण त्या तीन वर्षांवर आमच्या घरात चाळीस वर्षं कोणी बोललं नाही. आणि ह्या माणसाने कादंबरी लिहायला घेतली ती सातव्या वर्षी आईपासून मुलगा तोडणाऱ्या गावावर. मी शिकलेली नाही, पण सातपर्यंत आकडे मला येतात.

त्या दुपारी ह्यांनी दीड पान सांगितलं. सैनिक मुलाला न्यायला येतात. आई दाराशी उभी राहते. तिचा ऊर भरून येतो, डोळ्यांतून धारा लागतात, ती खांबाला मिठी मारते, टाहो फोडते, पुत्रा, पुत्रा म्हणते. सांगताना ह्यांचा आवाज जड झाला होता. खिडकीकडेच तोंड होतं.

मी पहिल्या ओळीची रेघ ओढली. ती बरीच लांब ओढली. मग लिहिलं:

आईने सकाळी त्याची नखं कापली, कारण पुढे कोणी कापणार नव्हतं. सैनिक आले. तो गेला. त्याच्या ताटात अर्धी भाकरी राहिली होती. ती तिने उभ्याउभ्या खाल्ली आणि ताट विसळायला नेलं.

एवढंच. ह्यांचं दीड पान सांगून संपलं तेव्हा माझं कधीच लिहून झालं होतं. मी पेन वहीवर नुसतं फिरवत राहिले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"चहा कर."

आता वाचनाचं. रेजिनात आम्ही दहाबारा मराठी माणसं महिन्यातून एकदा कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमायचो. बहुतेक आमच्यासारखीच, सत्तर सालच्या आसपास येऊन इथेच म्हातारी झालेली. तिथे एक रिटायर्ड डॉक्टरीणबाई होत्या. मूळच्या पुण्याच्या, उच्चार स्वच्छ, आणि तोंडावर बोलणाऱ्या, म्हणून माझं त्यांच्याशी पटायचं. ह्यांना त्या भाऊ म्हणायच्या. मार्चमध्ये त्यांच्याकडे बैठक होती. त्या म्हणाल्या, "भाऊ, इतकं लिहिताय, एक प्रकरण ऐकवा तरी. मी वाचते." ह्यांनी पाचवी वही द्यायला सांगितली. त्यांना ते मुलगा नेण्याचं प्रकरण ऐकवायचं होतं. ते त्यांना सगळ्यात चांगलं उतरलंय असं वाटत होतं.

मी दुसरी वही नेऊ शकले असते. तो विचार आला होता. पण मग पुढे कधीतरी हे झालंच असतं. पाचवी नेली.

डॉक्टरीणबाई चांगलं वाचतात. सगळे समोसे खात ऐकत होते. दळणारी बाई दोनदा येऊन गेली तेव्हा ह्यांनी मान जरा तिरकी केली. मग ते नखांचं आलं. भाकरीचं आलं. ताट विसळायला नेलं, आणि प्रकरण पुढच्या बराकीत गेलं. ह्यांनी दोन्ही हात काठीवर ठेवले आणि तसेच ठेवले.

वाचून झाल्यावर विद्यापीठात मातीचा विषय शिकवलेले एक प्राध्यापक बोलले, "भाऊसाहेब, ही आई आहे की दगड? पोटचं पोर चाललंय आणि ही भाकरी खाते?"

"मला आवडलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भाऊंच्या लेखनात पहिल्यांदाच एक आख्खं पान विशेषणाशिवाय गेलंय. भाऊ, तब्येत बरी आहे ना?"

सगळे हसले. प्राध्यापकांची बायको म्हणाली, "आम्ही असतो तर धाय मोकलून रडलो असतो बाई."

"तुम्ही टिम हॉर्टन्सचं कॉफीचं दुकान बंद असलं तरी रडता," प्राध्यापक म्हणाले, आणि विषय कॉफीवर गेला.

हे एवढंच म्हणाले, "आता निघू या. रस्ते गोठतील."

गाडी मी चालवते. पन्नासाव्या वर्षी शिकले, ह्यांच्यापेक्षा चांगली चालवते. दोन सिग्नल गेले.

"ती रडली नाही," हे म्हणाले.

"नाही."

"मी रडवली होती."

"हो. दीड पान."

"कुठं गेलं ते?"

"लिहिलंच नाही."

तिसऱ्या सिग्नलला लाल दिवा होता. ते म्हणाले, "आणि ती दळणारी बाई कोण?"

"दळणारी."

"आणखी काय काय केलंयस?"

"आठवेल तसं सांगते. आमटी बदलली. सूर्य बरेच ठिकाणी नुसता उगवतो."

त्यावर ते जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते. "मला दिसत नाही म्हणून तू माझ्या घरात शिरून सामान हलवलंस." आंधळ्या माणसाच्या घरात खुर्चीसुद्धा हलवायची नसते हे मला वृद्धाश्रमात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि मी ते कामावर तीस-चाळीस म्हाताऱ्यांच्या बाबतीत पाळलं होतं.

तीन आठवडे वह्या बंद राहिल्या. मग ह्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तुम्ही लिहाल का. त्या दोन बुधवार आल्या. पहिल्या बुधवारी त्यांनी एक वाक्य तोडून तीन केली आणि ह्यांना तसं सांगितलं. दुसऱ्या बुधवारी म्हणाल्या, "भाऊ, हा योद्धा इतका बोलतो, तो लढतो कधी?" जाताना मला दारात म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही हे दीड वर्ष कसं केलंत? मला तर दोन तासांत त्यांचं तोंड धरावंसं वाटलं."

"मी धरलंच होतं. त्यांना कळलं नाही एवढंच," मी म्हटलं. त्या हसल्या. मी हसले नाही. पुण्याहून ईमेल आलं होतं, ते मीच ह्यांना वाचून दाखवलं होतं: दिवाळीपर्यंत पूर्ण हस्तलिखित मिळालं तर पाहू, नंतर सांगता येत नाही. आणि एप्रिलच्या तपासणीत डॉक्टर म्हणाला होता की उजव्या डोळ्यातही पाणी धरतंय.

एका दुपारी दोन वाजता हे टेबलाशी येऊन बसले. मी भांडी पुसत होते.

"वही काढ," ते म्हणाले. "पहिलीपासून. तू जे लिहिलंयस ते वाच. सगळं. मी थांब म्हटलं की थांबायचं."

"आणि पुढचं?"

"पुढचं प्रत्येक पान लिहून झालं की वाचून दाखवायचं. कानामात्रेसकट. कबूल?"

"कबूल."

"रेघ नंतर ओढत बसू नकोस. शब्दागणिक ओढ."

"ते जमणार नाही. तुम्ही थांबत जा."

"थांबेन."

मी वाचायला लागले. सहा वह्या वाचायला जून उजाडला. ते थांब म्हणायचे आणि मी लाल पेनाने खूण करायची. आमटीपाशी आलो तेव्हा मी वाचून थांबले. ते म्हणाले, "राहू दे. तुझं बरोबर असणार." सूर्याला त्यांनी काही ठिकाणी तेज परत दिलं, काही ठिकाणी नाही. दळणारी बाई अकरा वेळा निघाली. पहिल्यांदा आली तेव्हा ते चिडले. पाचव्यांदा आली तेव्हा म्हणाले, "ही अजून दळतेच आहे? पीठ किती झालं असेल!" नऊ ठिकाणची त्यांनी काढायला लावली. दोन ठेवली.

पाचव्या वहीतल्या त्या पानाशी आलो. मी वाचलं. नखं, भाकरी, ताट.

ते म्हणाले, "खरं सांग. त्या दिवशी तू रडली होतीस."

कुठल्या दिवशी ते त्यांनी सांगितलं नाही. गरज नव्हती.

"नाही."

"मी ऐकलं होतं. मी ट्रंक घेऊन पुढे चाललो होतो. मागून रडण्याचा आवाज येत होता, पार ओढ्यापर्यंत."

"ती तुमची आई होती."

बाहेर शेजारी गवत कापत होता, त्या मशीनचा आवाज येत होता.

"आई?"

"दारात बसून रडत होत्या. मी आत होते. तो जेवता जेवता उठून गोठ्यात पळाला होता. त्याचं ताट होतं. ते आवरलं आणि तुमच्या मागून निघाले."

"मला आजवर वाटलं तू रडत होतीस. मी वळून बघितलं नाही."

"बघितलं असतं तर मी दिसले असते. मी तुमच्या मागे दहा पावलांवर होते."

"मग पोराला..." ते म्हणाले. मग वहीवर हात ठेवून म्हणाले, "हे पान असू दे आत्ता. नंतर ठरवू. पुढे चल."

उन्हाळाभर पुढचं काम केलं. आता नीट केलं. ते एक वाक्य सांगायचे, थांबायचे, मी लिहायची, रेघ ओढायची, वाचायची. दिवसाला पान होईना कधी कधी. लढाई आली, नायक मेला, खंदक, ढाली, जखमा, सगळं त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. एका ठिकाणी जखमेवर त्यांनी जे बांधायला सांगितलं ते मला पटलं नाही. मी म्हटलं, "हे असं बांधलं तर चिघळेल." ते म्हणाले, "चिघळू दे. तो मरणारच आहे." लिहिलं. आठवी वही सप्टेंबरच्या शेवटी संपली. बाहेर पहिलं दंव पडलं होतं.

सगळं झालं. ते एक पान राहिलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता आम्ही बसलो. पाचवी वही मी समोर उघडून ठेवली होती.

"तू सांग," ते म्हणाले. "तुझं ठेवू की माझं?"

मला सांगता आलं असतं. डॉक्टरीणबाईंना आवडलं होतं, खरंही तेच होतं. पण त्या बेसमेंटमध्ये काठीवर ठेवलेले त्यांचे हात मी पाहिले होते.

"पुस्तक तुमचं आहे," मी म्हटलं. "तुम्ही सांगाल ते लिहीन."

"तुला राग येईल."

"ती ग्रीक बाई आहे. मला कशाला राग?"

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "माझं ठेव. कुणीतरी आईच रडली पाहिजे तिथं. नाहीतर तो बाप चालत कसा राहील? त्याला मागून काहीतरी ऐकू यायला पाहिजे."

"बाप? तुमच्या पानात बाप नव्हता."

"आता आहे. लिही."

मी नवं पान घेतलं. ह्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. बाप सैनिकांबरोबर पुढे चालतो आहे, हातात मुलाचा हात आहे, मागे वळत नाही. आई दाराशी, खांबाला धरून. तिचा ऊर, तिच्या धारा. मी एकही शब्द गाळला नाही. एक वाक्य झालं की थांबायचे, मी रेघ ओढायची, वाचायची, मग पुढचं. मध्येच एका ठिकाणी ते थांबले आणि पुढचं वाक्य आलं नाही. मी वर बघितलं. त्यांच्या गालांवरून पाणी चाललं होतं. डोळ्यात औषध घातलेलं नव्हतं. ते पुसत नव्हते. बहुतेक त्यांना कळलंही नसावं. मी पेन हातात धरून बसले. लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली होती, आणि मी त्यांना असं बघितलं नव्हतं. काय करायचं ते मला माहीत नव्हतं. जे येत होतं ते केलं.

"पुढचं सांगा," मी म्हटलं.

त्यांनी सांगितलं. दीड पानाची दोन पानं झाली. मी वरपासून खालपर्यंत वाचून दाखवलं, कानामात्रेसकट. ते मान एका बाजूला करून ऐकत होते, हल्ली ऐकतात तसे.

"एक बदल," ते म्हणाले. "टाहो फोडला, असं आहे ना?"

"हो."

"टाहो नको. लांबून टाहो कोणाचा ते कळत नाही. तिने नुसता हुंदका दिला, असं लिही. आणि बापाने तो ऐकला असं नको. ऐकला असं त्याला वाटलं, एवढंच."

मी दोन्ही ठिकाणी खोडून लिहिलं, आणि सोमवारी आठही वह्यांचं पार्सल करून पुण्याला पाठवलं.